स्थळाला नकार आधी, पसंतीचा विषय नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही 27 वर्षांच्या. घर सांगली जिल्ह्यातलं, मराठा, चुलते-चुलत्यांसह एकत्र राहणारं. नोकरी पुण्यात. ज्याच्याशी लग्न करायचं आहे तो मुलगा नगरकडचा, माळी समाजातला, तोही पुण्यातच नोकरीला. घरी त्याच्याबद्दल कोणालाच माहीत नाही. मध्यंतरी आईवडिलांनी कऱ्हाडकडचं स्थळ आणलं, कांदेपोहे झाले, मुलाकडून होकार आला. आता दिवाळीत सुपारी फोडायची आणि तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला चांगला मुहूर्त धरायचा, अशी बोलणी चालू आहेत. वडील म्हणतात, मी शब्द दिलाय. आई म्हणते, तू नाही म्हणालीस तर धाकटीचं पुढे काय? तुम्ही विचारलंय, आईवडिलांचं मन मोडू की स्वतःचं? आणि शेवटी एका ओळीत, धाकट्या बहिणीला आधी सांगू का?

मी पुण्यात अनेक वर्षं कुटुंब-समुपदेशनाचं काम करते. असा पेच घेऊन मुलं-मुली येतात तेव्हा दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. पहिला, समोर आलेल्या स्थळाचं काय करायचं. दुसरा, आपल्या पसंतीला घरचा होकार कसा मिळवायचा. तुम्ही हे दोन्ही एकदमच सोडवायला बघताय, म्हणून काहीच पुढे सरकत नाही. दुसऱ्याचं उत्तर सापडेपर्यंत पहिल्यावर गप्प राहायचं, असं तुमचं नकळत ठरलंय. तिकडे सुपारीची तारीख जवळ येतेय.

स्थळाचा प्रश्न तातडीचा आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तुम्हाला त्या मुलाशी लग्न करायचं नाही, एवढं तुम्हाला पक्कं माहीत आहे. मग ते येत्या आठवड्यात सांगा. यात कऱ्हाडचा तो मुलगाही आहे, हे विसरू नका. त्याच्या घरी पाहुण्यांना सांगून झालं असेल. नकार सुपारीच्या आधी आला तर दोन घरांत चार दिवस नाराजी राहते. साखरपुड्यानंतर आला तर हॉलची आगाऊ रक्कम, साड्या, दागिन्यांची ऑर्डर आणि मध्यस्थाची पत असं सगळं त्यात ओढलं जातं. मग तुमच्या वडिलांना खरोखरच मान खाली घालावी लागते. आज गप्प राहून त्यांची इज्जत सांभाळतेय असं तुम्हाला वाटत असेल, पण प्रत्येक दिवसागणिक तुम्ही त्यांची अडचण वाढवताय.

नकार देताना सबबी सांगू नका. मुलाची उंची कमी आहे, पत्रिका नीट जुळत नाही, मला अजून शिकायचंय, घर फार लांब आहे, अशा कारणांवर घरचे उपाय शोधतात. उंचीला दुसरं स्थळ मिळतं, पत्रिकेला दुसरा गुरुजी मिळतो, शिक्षणाला 'लग्नानंतर शिक की' हे उत्तर तयारच असतं. प्रत्येक सबब मोडून पडली की तुमचा शब्द आणखी हलका होतो. सरळ म्हणा, 'बाबा, या स्थळाला माझा नकार आहे. तुम्ही सुपारीचं पुढे नेऊ नका. मध्यस्थ काकांना सांगणं तुम्हाला अवघड जात असेल तर मी स्वतः बोलते.' शेवटचं वाक्य नुसतं धीर द्यायला नाही, खरंच तसं करायची तयारी ठेवा. सोयरिकीच्या बोलण्यात 'मुलीचा नकार आहे' हे कारण पुरेसं मानलं जातं. मध्यस्थांनी ते कित्येकदा ऐकलेलं असतं.

यावर लगेच प्रश्न येईल, कोणी आहे का? तेव्हा खोटं बोलू नका. 'आहे. पण त्याबद्दल फोनवर नाही, मी घरी येऊन तुम्हा दोघांशी बोलणार आहे,' एवढंच सांगा आणि तिथे थांबा. नाव, जात, गाव फोनवर सांगायचं नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या घरात आरडाओरडा होतो, पण मारहाण झालेली नाही आणि वडील तापट असले तरी ऐकून घेतात. माझं उत्तर हे गृहीत धरून आहे. एखाद्या घरात पूर्वी मुलीवर हात उचलला गेला असेल, भावांनी किंवा चुलतभावांनी धमक्या दिल्या असतील, मोबाईल काढून घेतला असेल, तर 'घरी जाऊन शांतपणे बोला' हा सल्ला मी कधीच देत नाही. मुलगा बौद्ध किंवा मातंग समाजातला असता, मुसलमान असता, तर मी सुरुवात सुरक्षिततेपासूनच केली असती. महाराष्ट्रात अशा लग्नांवरून खून झालेले आहेत, आणि त्या घरांमध्येही आधी सगळ्यांना 'आपले लोक तसे नाहीत' असंच वाटत होतं. माळी-मराठा अंतर त्या मानानं कमी आहे. तरीही तुमचे चुलते आणि चुलतभाऊ कसे आहेत ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मनात थोडीही धाकधूक असेल तर बोलणं पुण्यात, एखाद्या समजूतदार नातेवाइकाच्या घरी ठेवा. 'आजी सीरियस आहे, लगेच ये' असा फोन एकाएकी आला तर आधी त्या गावातल्या दुसऱ्या कोणाकडून खात्री करा. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, पदव्या, पासपोर्ट पुण्यात स्वतःकडे ठेवा. पगाराच्या खात्यात वडिलांचं नाव जोडलेलं असेल तर स्वतःच्या एकटीच्या नावावर वेगळं खातं उघडा. ही तयारी म्हणजे आईवडिलांवर अविश्वास असं समजू नका. हाती स्वतःचे कागद आणि पैसे असले की माणूस कमी घाबरून, कमी चिडून बोलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

प्रत्यक्ष धोका दिसला तर 112 वर फोन करा आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट म्हटलंय की दोन सज्ञान व्यक्तींनी एकमेकांशी लग्न करायचं ठरवलं तर कुटुंबाची, जातीची, समाजाची संमती लागत नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असेही आदेश त्याच निकालात आहेत. अर्जात त्या निकालाचा उल्लेख करा.

समजा तसा धोका नाही. मग आईवडील नेमके कशाला घाबरतात, हे समजून घ्यायला हवं. इथे मी जरा जास्त थांबते, कारण मुलामुलींची सगळी तयारी इथेच कमी पडते.

तुम्हाला वाटतं त्यांचा विरोध त्या मुलाला आहे. त्यांनी तो मुलगा पाहिलेलासुद्धा नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर असते भावकी. कोणाच्या लग्नात कोणत्या रांगेत बसवतील, थोरले चुलते बैठकीत काय बोलतील, पुढच्या सोयरिकीला पाहुणे येतील का. तुमच्या वडिलांच्या पिढीनं स्वतःचं लग्न असंच केलंय. थोरल्यांनी ठरवलं, यांनी मान डोलावली. आपल्या मताला घरात किंमत असते, याचा अनुभव त्यांनाच फारसा नाही. मग मुलीच्या मतासाठी भावकीपुढे उभं राहायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातली आंतरजातीय लग्नं सुमारे 5 टक्केच आढळली होती. म्हणजे तुमच्या वडिलांनी आपल्या जवळच्या घरांत असं एकही लग्न नीट पार पडलेलं पाहिलं नसेल, ही शक्यता मोठी आहे. ऐकलेलं असतं ते पळून गेलेल्या मुलींबद्दल. आळंदीला जाऊन लग्न केलं, मग पोलीस ठाण्यात जबाब, मग वर्षानुवर्षं बोलणं बंद.

आईची भीती वेगळी. अशा वेळी 'आईनं लक्ष दिलं नाही' हे वाक्य गावात पहिल्यांदा उच्चारलं जातं. सासू, जावा, नणंदा सगळ्यांसमोर तिला ते ऐकावं लागणार असतं. म्हणूनच पुष्कळदा वडिलांपेक्षा आई जास्त कडक होते. तिच्या रागाचा अर्थ तुमच्यावर प्रेम नाही असा लावू नका.

आणि या सगळ्याखाली एक भीती आहे, जी मला अगदी योग्य वाटते. ठरवून केलेल्या लग्नात मुलीच्या पाठीशी माणसं असतात. सासरी काही बिनसलं तर मध्यस्थाला बोलावता येतं, मुलाच्या मामाला, आत्याला गाठता येतं, चार जण बसून बोलतात. तुमच्या पसंतीच्या घराशी यांचा एकही धागा नाही. उद्या तुम्ही रडत फोन केलात तर कोणाकडे जायचं, हेच त्यांना कळत नाही. ही जुनी व्यवस्था अनेकदा मुलींना दबवायलाच वापरली गेलीय, हे मला ठाऊक आहे. तरी तिचा आधार खोटा नव्हता. तुम्ही त्या भीतीला 'तुम्ही जुनाट आहात' असं उत्तर दिलंत तर बोलणं तिथेच संपेल.

माझ्याकडे आलेल्या एका घरात वडील महिनोन्महिने एकाच शब्दावर अडून होते, नाही. जातीबद्दल ते फारसं बोलतच नसत. खूप विचारल्यावर म्हणाले, त्या गावात मला ओळखणारं कोणी नाही. मुलीनं शोध घेतला तेव्हा वडिलांच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक त्या गावात बरीच वर्षं नोकरीला होते आणि मुलाच्या घराला चांगलं ओळखत होते, असं निघालं. त्यांनी येऊन सांगितलं की माणसं सरळ आहेत, घरात दारू नाही, कर्ज आहे पण ट्रॅक्टरचं आहे. त्यानंतर वडील पहिल्यांदा 'मुलाला भेटू' म्हणाले. सगळीकडे असा शिक्षक सापडत नाही. पण आईवडिलांना त्यांच्या पद्धतीनं चौकशी करू द्या, एवढं तुम्ही नक्की करू शकता. स्थळ आणताना ते काय काय विचारतात, तुम्हाला माहीत आहे. घरी कोण कोण, शेती किती, नोकरी कायम की कंत्राटी, कर्ज, आजार, व्यसन, बहिणींची लग्नं कुठे झाली. हे सगळं मुलाकडून खरंखरं लिहून घ्या आणि त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी स्वतः माणूस पाठवून खात्री केली तर रागावू नका.

त्याआधी ही चौकशी तुम्ही स्वतः केलीय का? स्वतः निवडलं म्हणून निवड चांगलीच असते, असं मी मानत नाही. त्या मुलानं आपल्या घरी सांगितलंय का? नसेल तर तुम्ही एकट्यानं हे वादळ अंगावर घेऊ नका, आधी त्याला सांगायला लावा. लग्नानंतर राहायचं कुठे, त्याचे आईवडील पुढे पुण्यात येणार का, तुमच्या पगारातलं काही माहेरी गेलं तर त्याला चालेल का, कुलाचार कोणाचा, स्वयंपाकघर कोणाच्या पद्धतीचं, मुलं कधी. यांतल्या एखाद्या प्रश्नावर तो 'बघू नंतर' म्हणत असेल तर तो प्रश्न आत्ताच संपवा. घरच्यांशी लढताना दोघं इतके एकत्र असतात की एकमेकांकडे बघायचं राहूनच जातं. आणि या विचारानंतर तुम्हाला वाटलं की हा मुलगा नको, तर तसं ठरवायलाही तुम्ही मोकळ्या आहात. ते भीतीपोटी ठरलेलं नसावं, एवढंच.

मग घरी बोलायचं कसं. सणाला, लग्नघरात, सगळी भावकी जमलेली असताना अजिबात नाही. साधी सुट्टी पाहून जा, दोन दिवस राहायच्या तयारीनं. मुलाला बरोबर नेऊ नका. आधी आईवडील, फक्त दोघं. वडील ज्यांचं ऐकतात अशी एखादी आत्या, मामा, थोरली चुलती असेल तर त्यांना एक दिवस आधी सांगून ठेवा, म्हणजे वडिलांना रात्री बोलायला कोणीतरी असेल. बोलताना परवानगी मागण्याच्या सुरात बोलू नका आणि निकाल सुनावण्याच्या सुरातही नको. 'मी या मुलाशी लग्न करायचं ठरवलंय. तुमच्या पाठीमागे मला ते करायचं नाही. तुम्हाला वेळ लागेल, मी थांबेन.' यात तुमचा निर्णय आहे आणि त्यांना जागाही आहे.

वादात जातीअंताचं भाषण करू नका. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली होती, आणि तुमच्या वडिलांच्या भिंतीवर महाराजांचा फोटोही असेल. पण लेकीनं तो दाखला वडिलांच्या तोंडावर मारला की तो टोमणा होतो. तोच मुद्दा महिन्याभरानं एखाद्या वडीलधाऱ्या माणसानं काढला तर ते विचार करतात.

पुढचे काही आठवडे वाईट जातील. वडील बोलणार नाहीत, आई जेवणार नाही, चुलत्यांचे फोन येतील. 'जिवाचं बरंवाईट करीन' असंही कानावर येऊ शकतं. त्याला नाटक म्हणून झिडकारू नका आणि त्यापुढे निर्णयही बदलू नका. आईजवळ कोणी ना कोणी राहील असं बघा, घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवायला सांगा, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना ते विचारा, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं. आईला सांगा, 'तुला काही झालेलं मला सहन होणार नाही, म्हणून मी इथे बसलेय. पण लग्नाचं माझं म्हणणं तेच आहे.' हे म्हणणं फार जड जातं, मला कल्पना आहे. पण धमकीपुढे एकदा निर्णय बदलला की पुढे नोकरीपासून मुलं होण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी तीच वाट वापरली जाते.

किती थांबायचं? मी साधारण सहा महिने ते वर्ष म्हणते. शेवटची मुदत म्हणून एक ठरावीक महिना मनात धरा, तो घरी जाहीर करू नका. त्या काळात दर आठवड्याला फोन करा, घरी जात राहा, बहिणीची फी, आजीचं औषध जे काही करत होतात ते चालू ठेवा. काही घरं या काळात हलतात. काही हलत नाहीत. माझ्या ओळखीत अशा बायका आहेत ज्यांना लग्नानंतर माहेर राहिलं नाही, दिवाळीला जायला जागा नाही, आणि तरीही आपण योग्य केलं असं त्या म्हणतात. अशाही आहेत ज्यांना ते ओझं झेपलं नाही आणि संसारात त्याची चिडचिड उतरली. होकार आलाच नाही तर त्यासह जगायची तुमची तयारी आहे का, हे ठरवलेला महिना येण्याआधी स्वतःशी स्पष्ट करा.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा एकदा सांगते. स्थळाला लगेच नकार, मग मुलाशी दोघांची नीट बोलणी, मग घरी आईवडिलांशी, आणि मग वेळ.

कायद्याचं थोडक्यात. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण असला की पुरे. तुम्ही दोघं हिंदू आहात, त्यामुळे वेगळ्या जातीतलं लग्न 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली पूर्ण वैध आहे. मात्र विधी खरोखर व्हायला हवेत. नुसतं प्रमाणपत्र म्हणजे विवाह नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलंय. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली केलंत तर एकजण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा, नोटिशीनंतर 30 दिवस थांबावं लागतं आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. यातली एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथल्या फलकावर लागते. घरी न सांगता हा मार्ग धरणाऱ्यांचं गुपित तिथेच फुटतं. आईवडिलांना लग्न पसंत नाही, हे आक्षेपाचं कायदेशीर कारण होत नाही. वय, आधीचं लग्न, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं एवढ्यावरच आक्षेप घेता येतो.

'इस्टेटीतून काढून टाकीन' ही धमकी आली तर एवढं लक्षात ठेवा. वडिलांनी स्वतः कमावलेलं ते कोणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जित जमिनीत मात्र 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे आणि लग्न कोणाशी केलं यावरून तो जात नाही. रागाच्या किंवा अपराधीपणाच्या भरात हक्कसोडपत्रावर सही करू नका. मुली अशा वेळी 'तेवढ्यानं तरी बाबांचा राग जाईल' म्हणून सही करतात. राग तसाच राहतो. गावानं किंवा समाजाच्या पंचांनी घर वाळीत टाकायची भाषा केली, तर महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे वडिलांना माहीत असेल तर त्यांनाही बळ येतं.

आता धाकटीचं. 'तुझ्यामुळे तिचं लग्न होणार नाही' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात बोललं जातं. काही स्थळं त्यामुळे खरंच मागे फिरतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी तुम्ही नको असलेल्या माणसाबरोबर आयुष्य काढावं, असं तिला वाटतं का, हे तिला आजवर कोणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारा. आईवडिलांशी बोलण्याच्या आदल्या दिवशी तिला सांगा, त्याआधी फार दिवस नको, कारण तेवढे दिवस तिला घरात तोंड बंद ठेवून वावरावं लागेल. तिच्या हाती निरोप देऊ नका, तिच्या फोनवरून मुलाशी बोलू नका, 'आईचा मूड कसा आहे ते बघून सांग' असंही म्हणू नका. तुम्ही पुण्याला परत याल, ती त्याच घरात राहणार आहे. ती कॉलेजला असेल तर तिचं शिक्षण मध्येच थांबवून लग्न उरकायचा विचार घरात सुरू होईल, हेही गृहीत धरा. म्हणून बोलणी सुरू व्हायच्या आधीच तिची पुढच्या वर्षाची फी भरून टाका आणि पावती तिच्याकडे द्या.